माझ्याकडून मला तिसरे स्मरणपत्र

विधानसभेचा प्रश्न आमच्या कचेरीत यायचा तो हमखास घरी जायच्या वेळेला. डबा पिशवीत गेलेला, स्कूटरची किल्ली हातात, आणि केबिनच्या दारात साहेब. "वसुधाबेन, जरा बेसो ने. गांधीनगरहून आलंय." साहेब गुजराती, मी बडोद्याच्या अकोट्यातली मराठी, त्यामुळे आमच्यात जी भाषा चालायची तिला बडोद्याबाहेर कोणी भाषा म्हणणार नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी अकराच्या आत पोचायला हवं असायचं. मग मी पुन्हा खुर्चीत बसायची आणि खरं सांगते, मनातून मला ते आवडायचं. उत्तर लिहावं तर वसुधाबेननीच, असं सगळे म्हणायचे ना.

खात्याचं नाव लिहीत नाही. निराधार, विधवा, दिव्यांग, ज्यांना मागंपुढं कोणी नाही अशा माणसांसाठी सरकार जे देतं ते त्यांच्यापर्यंत पोचवायचं, हे आमचं काम. ते पोचतंय का आणि पोचवायला पुरेशी माणसं आहेत का, हे आमदारांनी विचारायचं, हे त्यांचं काम. बाहेरच्या लोकांना वाटतं की उत्तर मंत्री देतात. देतात, नाही कोण म्हणतंय. पण त्यांच्या हातातला कागद कुठल्या तरी जिल्ह्यात कुठल्या तरी टेबलावर कोणी तरी लिहिलेला असतो. आमच्या जिल्ह्यापुरतं ते टेबल माझं होतं.

प्रश्नाला नेहमी तीन-चार भाग असतात. अमुक खात्यात जागा रिकाम्या आहेत हे खरं आहे का? असल्यास किती आणि कधीपासून? त्यामुळे लाभार्थ्यांची कामं अडली आहेत का? अडली असल्यास सरकार काय करत आहे? सगळं कसब पहिल्या भागात. तिथं "ना जी" लिहिता आलं की बाकीच्या तिन्हींपुढे "प्रश्न उपस्थित होत नाही" एवढं लिहून मोकळं व्हायचं. नव्या लागलेल्यांना मी हे समजावून सांगायची. सांगताना माझा चेहरा कसा फुललेला असायचा ते आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पण जागा तर रिकाम्या होत्या. लोक एकेक करून निवृत्त होत गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. त्यांच्या खुर्च्या तेवढ्या राहिल्या, आणि त्यांचं काम वधारानो हवालो म्हणून, म्हणजे जादाचा चार्ज म्हणून, उरलेल्यांच्या गळ्यात पडलं. एका अधिवेशनाच्या वेळी साहेब अगदी रडकुंडीला आले होते. वरून फोनवर फोन, रिकाम्या जागांचा आकडा असा कसा दाखवता म्हणून. मी सहज म्हटलं, "साहेब, जागा रिकामी कुठं आहे? तपास अधिकाऱ्याचं काम मी बघतेच आहे ने. काम बघणारं माणूस आहे म्हणजे जागा भरलेलीच झाली."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मी लगेच लिहून दिलं: सर्व मंजूर जागांची कामगिरी सोपवण्यात आलेली आहे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते वाक्य वरच्यांना इतकं पसंत पडलं की पुढं दुसऱ्या जिल्ह्यांच्या उत्तरांतही दिसायला लागलं. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना सेव-उसळ मागवली. मी दोन प्लेट खाल्ल्या.

जागा भरलेल्या आहेत असं आपणच लिहून दिल्यावर माणसं कोण पाठवणार? माझी नोकरी संपत आली तेव्हा माझ्याकडे चार पदं होती. मूळची मी हेडक्लार्क. शिवाय अर्जदाराच्या घरी जाऊन चौकशी करणारी तपास अधिकारी मीच. चौकशी वाचून शिफारस करणारी निरीक्षक मीच. आणि शहराच्या कडेला खात्याची एक निवासी संस्था आहे, ज्यांना स्वतःचं स्वतःला काही करता येत नाही अशा मोठ्या मुलींसाठी, तिची अधीक्षकही मीच. एका टेबलानं दुसऱ्या टेबलाला काही कळवायचं तर पत्रानंच कळवायचं, असा नियम. म्हणून मी मला पत्रं लिहायची. हेडक्लार्क या नात्यानं तपास अधिकाऱ्याला विनंती, तपास अधिकारी या नात्यानं निरीक्षकाला अहवाल. घरी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "स्वतःला उत्तर तरी नीट देतेस ना?" आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

आमची ही गंमत पहिल्यांदा कोणी पकडली असेल तर रमणकाकांनी. रमणकाका फतेगंजला राहायचे. जन्मापासून दृष्टी नाही, पण चाल अशी ताठ की समोरच्यानंच बाजूला व्हावं. एसटीच्या पासच्या नव्या कार्डासाठी ते आले होते. मी अर्ज घेतला, म्हटलं, काका, आता तीन नंबरच्या टेबलावर जा. काठी टेकत ते तिकडे गेले, मी आडवाटेनं जाऊन तीन नंबरच्या खुर्चीत बसले आणि त्यांना कागद मागितला. तिथून त्यांना चार नंबरला पाठवलं. तिथंही मीच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, रोजचंच होतं. काका मात्र थांबले, कान टवकारला आणि म्हणाले, "बेन, आखी ऑफिस तमे ज छो?" सगळी कचेरी तुम्हीच का, असं विचारत होते ते. मग आपल्याशीच हसून म्हणाले, "मला वाटलं, सगळ्या बहिणी बहिणी नोकरीला लागल्यात." त्यांचं कार्ड त्याच दिवशी झालं. डोळसांना वर्षानुवर्षं दिसलं नाही ते काकांना दहा मिनिटांत ऐकू आलं, आणि मी ती गोष्ट लग्नाकार्यांत विनोद म्हणून सांगत फिरले.

आता सुमनताईंचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले आहे, उगाच आढेवेढे घेत होते.

सुमनताई मांडवीच्या मागच्या एका गल्लीत राहायच्या. मराठीच. सासऱ्यांचे वडील संस्थानच्या फौजेत होते, एवढंच काय ते घराण्याचं उरलेलं. नवरा गेलेला. दुकानांतून साड्या आणून घरी फॉल-बिडिंग करायच्या. मुलगी माधुरी, सव्वीस वर्षांची, पण समज तीन वर्षांच्या पोरीएवढी. जेवण भरवायचं, अंघोळ घालायची, सगळं आईनंच. त्या अर्ज घेऊन आल्या तेव्हा मराठी ऐकून त्यांना केवढा धीर आला. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "ताई, मला पैशाचं काही नको. माझं हृदय कमजोर झालंय, डॉक्टर ऑपरेशन सांगतात. मी टेबलावरून उठले नाही तर हिला कोण बघणार? तुमच्या संस्थेत हिची जागा झाली की मी ऑपरेशनला मोकळी."

मी अर्ज बघितला. कागद सगळे जागच्या जागी होते. म्हटलं, "घरी तपासाला माणूस येईल. तो येऊन गेला की पुढचं होतंच. तुम्ही घरी असा म्हणजे झालं." त्या हात जोडून गेल्या. येणारं माणूस मीच आहे, हे सांगायचं मला सुचलं नाही. मी तेव्हा हेडक्लार्कच्या खुर्चीत बसले होते ना.

मी गेले नाही. कारण विचाराल तर कारणं ढीगभर आहेत. अधिवेशन आलं, मग माहितीची पत्रकं. किती अर्ज आले, किती निकाली, किती जागा, किती भरलेल्या, जातवार, तालुकावार, आजच्या आज. आम्ही लोकांची कामं करतो का हे विचारणाऱ्यांना उत्तरं देण्यातच आमचे दिवस जायचे. मांडवी आमच्या कचेरीपासून रिक्षानं पंधरा मिनिटं. चौदा महिन्यांत मला ती पंधरा मिनिटं मिळाली नाहीत, हे मी शपथेवर सांगू शकले असते. माझा स्वतःचा त्यावर विश्वासही होता.

पण फाइल नुसती पडून राहिली तर महिन्याच्या पत्रकात ती "पडतर" दिसते. स्मरणपत्र गेलं असेल तर "कार्यवाही चालू" दिसते. म्हणून हेडक्लार्कनं, म्हणजे मी, तपास अधिकाऱ्याला, म्हणजे मला, पहिलं स्मरणपत्र पाठवलं. काही महिन्यांनी दुसरं, मग तिसरं. तिसऱ्यालाही उत्तर नाही आलं तर नियमाप्रमाणे अर्ज दप्तरी करायचा, म्हणजे बंद करून कपाटात टाकायचा. मी मला उत्तर दिलं नाही. अर्ज मी दप्तरी केला. शेकड्यांनी फाइली अशा जायच्या. सही करताना ही फाइल कोणाची, हे मी बघितलंसुद्धा नाही.

मग विधानसभेची समिती बडोद्याला आली. आमदारांची समिती अधूनमधून जिल्ह्यात येते, कचेऱ्या बघते, प्रश्न विचारते. भिंतींना रंग लागला, कुंड्या आल्या, लीलो चिवडा आणि कचोरीच्या प्लेटी लागल्या. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कोणी विचारलं तर पदाचं नाव सांगायचं. आपलं नाव नाही." मी म्हटलं, काळजी करू नका साहेब, मी आहे ने.

समितीत एक वयस्क आमदारबाई होत्या. सुती साडी, चष्म्याला दोरी, आधीच्या आयुष्यात प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. त्या गुजरातीत बोलत होत्या, मी इथं मराठीत लिहिते. पत्रकावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "तपास अधिकारी कोण?" मी उभी राहिले. "निरीक्षक?" मी उभीच होते. म्हटलं, मीच. "संस्थेच्या अधीक्षक?" तोपर्यंत मागच्या ओळीत कोणी तरी हसलं. साहेब छताकडे बघत होते. बाईंच्या तोंडावरची रेघ हलली नाही. त्या उठल्या, दप्तरी फाइलींचं कपाट उघडायला लावलं आणि मधूनच एक फाइल ओढली.

फाइलीतल्या हाती लिहिलेल्या नोंदी त्यांनी चाळल्या. म्हणाल्या, "वर्गात एका मुलीनं चौघींचा गृहपाठ लिहिला तर मला अक्षरावरून कळायचं." मग मोठ्यानं वाचायला लागल्या. हेडक्लार्क तपास अधिकाऱ्याला लिहितात की कृपया अहवाल द्यावा. पहिलं स्मरणपत्र. दुसरं. तिसऱ्यात हेडक्लार्कनं तपास अधिकाऱ्याच्या दिरंगाईबद्दल नापसंती व्यक्त केली होती. माझी माझ्यावर नापसंती. सगळी खोली हसली. मीही ओठ दाबून हसत होते, देव साक्षीला आहे. शेवटच्या पानावर त्या थांबल्या. "तपास अहवाल प्राप्त न झाल्याने अर्ज दप्तरी करण्यात येतो." मग वरचं नाव वाचलं. माधुरी. खाली आईचं नाव.

तोवर ती नुसती फाइल होती.

बाईंनी विचारलं, "ही मुलगी आता कुठं आहे?"

"माहीत नाही, मॅडम."

"कोणाला माहीत असायला हवं?"

"तपास अधिकाऱ्याला," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. पंचवीस वर्षांची सवय.

"मग चला, तपास अधिकारी," त्या म्हणाल्या. "आत्ता."

जेवणाची पानं मांडलेली तशीच टाकून त्या माझ्याबरोबर निघाल्या. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून मांडवीपासून आम्ही चालत गेलो. मी मनातल्या मनात सुमनताईंना काय सांगायचं ते जुळवत होते. काम फार होतं, माणसं कमी होती, एवढंच पुन्हा पुन्हा जुळत होतं.

घराला कुलूप होतं. शेजारच्या दारातून हंसाबेन नावाच्या बाई बाहेर आल्या, हात पिठाचे. सुमनताईंचं विचारल्यावर त्यांनी आधी आम्हा दोघींना नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या तर उन्हाळ्यातच गेल्या. छोकरी माझ्याकडे आहे. किती दिवस ठेवणार मी? माझी सून नाराज होते. पण रस्त्यावर कशी सोडू?"

मी विचारलं, ऑपरेशन झालं नव्हतं का? हंसाबेन म्हणाल्या, "तारीख मिळाली होती ने. खाटसुद्धा मिळाली होती दवाखान्यात. गेल्याच नाहीत. म्हणाल्या, सरकारी माणूस तपासाला यायचंय, कागद आलाय." त्या आत गेल्या आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. पिशवीत माझी तिन्ही स्मरणपत्रं होती.

मी मला लिहिलेली पत्रं. प्रत्येकाच्या खाली डाव्या कोपऱ्यात, सरकारी पत्राच्या खाली असते तशी ओळ: प्रत माहितीसाठी, अर्जदार. सवयीनं घातलेली. म्हणजे प्रत्येक वेळी एक नक्कल टपालानं त्यांच्याकडे जात होती आणि कचेरीतलं कोणी तरी आपल्यासाठी कोणाला तरी दटावतंय, आता माणूस येणारच, असं त्या समजत होत्या. त्याखाली छापील सूचना: तपासाच्या वेळी घर बंद आढळल्यास अर्जदारास गरज नाही असे मानण्यात येईल. ती ओळ फार पूर्वी मीच घातली होती, फुकट हेलपाटे होतात म्हणून. दुसरं पत्र आलं तेव्हापासून त्यांनी दुकानात साड्या आणायला जाणं बंद केलं, असं हंसाबेन सांगत होत्या. ऑपरेशनची तारीख आली त्याच आठवड्यात तिसरं पत्र आलं. "मी म्हटलं, घर मी उघडं ठेवते, तुम्ही जा. तर म्हणाल्या, साहेब आले आणि आई नाही दिसली तर? एवढ्यासाठी पोरीची जागा घालवू का?"

हंसाबेन माझ्यावर रागावल्या नव्हत्या. मी कोण, हे त्यांना माहीतच नव्हतं. सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. आमदारबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि चपला काढून त्या आत गेल्या. मला वाटलं होतं, त्या मला त्या ओट्यावरच फाडून खातील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

माधुरी आत जमिनीवर बसली होती. वेणी घातलेली, गाऊन स्वच्छ. हंसाबेनना मी मनातून नमस्कार केला. चौकशीचा फॉर्म काढायला मी पिशवीत हात घातला. कागदाचा आवाज झाला तशी माधुरीनं दोन्ही हात सरळ वर केले आणि तसेच ठेवले. मला काही समजेना. हंसाबेन म्हणाल्या, "कागद आला की आई तिला चांगला ड्रेस घालायची. साहेब येतील म्हणून. रोज अंघोळ, रोज चांगला ड्रेस." मी फॉर्म खाली ठेवला, तरी ती हात खाली घेईना. शेवटी आमदारबाईंनी पुढं होऊन तिचे हात हळूच खाली घेतले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसकण मारली.

"हिला आज न्यायचं आहे," त्या म्हणाल्या. "काय काय लागेल?"

मी तोंडपाठ सांगितलं. अर्ज पुन्हा उघडायची नोंद, तपास अहवाल, निरीक्षकाची शिफारस, आणि खाट रिकामी असेल तर अधीक्षकाची मंजुरी.

"खाट आहे रिकामी?"

होती. चौदा महिने होती. किती खाटा रिकाम्या आहेत हे दर महिन्याला अधीक्षक म्हणून मीच कळवत होते आणि हेडक्लार्क म्हणून मीच ते फाइलीला लावत होते. सुमनताई माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या त्या दिवशीही होती. "आहे, मॅडम," मी म्हटलं.

रिक्षानं कचेरीत जाऊन फाइल आणि शिक्क्यांची पिशवी घेऊन आले. साहेब काही तरी विचारत होते, मी थांबले नाही. हंसाबेनच्या ओट्यावर बसून लिहायला घेतलं. हेडक्लार्क म्हणून अर्ज पुन्हा उघडला. तपास अधिकारी म्हणून अहवाल लिहिला: आई हयात नाही, मुलगी शेजाऱ्यांकडे, गरज आहे. निरीक्षक म्हणून शिफारस केली. अधीक्षक म्हणून प्रवेश दिला. आमदारबाईंनी घड्याळाकडे बघितलं नाही, मीच बघितलं. सगळी मिळून वीस मिनिटं लागली होती, आणि त्यातलीही निम्मी कुठल्या सहीखाली कुठला शिक्का मारायचा ते शोधण्यात गेली.